हाती राहिलं धुपाटणं

पनवेल हे गाव बहुतेकांनी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं. कोकणात उतरताना किंवा घाटावर चढताना गाडी स्टँडात शिरते, कंडक्टर 'दहा मिनिटं थांबेल' म्हणून सांगतो, कुणी वडापाव घेतं, कुणी लेकराला पाणी पाजतं, आणि घंटी वाजली की पनवेल मागं पडतं. 'सगळे जातात ते पनवेलवरून, पनवेलला कुणी येत नाही,' असं आमचे हे नेहमी म्हणतात. १९९८ सालापासून लोकल थेट इथपर्यंत येते, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २०२५ च्या डिसेंबरात तर पलीकडं विमानंसुद्धा उतरू लागली. पण जुनं पनवेल पाहायचं तर अजूनही पायी चालावं लागतं.

मी मात्र इथं उतरले ती कायमचीच. माझं माहेर कोल्हापूरकडचं. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं त्याच १९८१ साली मी लग्न होऊन ह्या गावात आले. पत्रावर जिल्हा काय लिहायचा ह्याचा माझ्या वडिलांचा तेव्हा फार गोंधळ उडे!

आता हे सगळं आठवायचं कारण घडलं ते परवा. आमचं शेंडेफळ, धाकटी लेक, पहिल्या बाळंतपणाला घरी आली आहे. तिला सातवा सरला आणि मी यादी करायला बसले. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, वेखंड. सगळ्यात शेवटी लिहिलं 'धूप'. पिशवी घेतली आणि निघाले.

टपाल नाक्याच्या बाजूनं जुन्या बाजारात शिरलं की गाव बदलतं. मोठाल्या इमारतींच्या मधेच एखादा लाकडी कठड्याचा वाडा अजून तग धरून उभा दिसतो. विरूपाक्षाचं देऊळ, वडाळे तलाव, पलीकडं मोहल्ल्यातल्या मशिदी, आणि बेने इस्राएल मंडळींचं १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग, असं सगळं एवढ्याशा गावात दाटीवाटीनं नांदतं आहे. हवा स्वच्छ असली तर एखाद्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळकाही दिसतो, वर केलेल्या अंगठ्यासारखा.

ह्या दाटीमागं कारण आहे. पनवेल हे मूळचं बंदर. मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की होडीनं खाडीतून पनवेलला यायचा आणि इथून पुढं बोरघाट चढायचा. १८३० साली घाटातला गाडीरस्ता झाला, तेव्हा तर इथं बैलगाड्यांची रीघ लागली. खाडीतून आलेला माल वर जायचा, घाटावरचा माल खाली यायचा. नगरपालिकासुद्धा इथं १८५२ साली आली. पुढं १८६३ साली आगगाडी घाट चढली, तीही कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. पण बाजाराची सवय काही गेली नाही.

मी जाते ते दुकान काष्ठौषधींचं. दारातच वेखंड-सुंठीचा वास नाकात शिरतो. आधी सासरे बसत असत तिथं आता नातू बसतो, म्हणजे दुकानदाराचा बरं का! त्यानं माझी यादी भराभर बांधली आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"काकू, नुसतं धूप लिहिलंय. धूप देऊ की ऊद?"

एवढा साधा प्रश्न. पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला तो कुणी विचारला नव्हता. मी बरणीकडं नुसती बघतच राहिले.

दोन बरण्या शेजारी-शेजारी होत्या. एकीत धूप. म्हणजे काय, तर राळ आणि गुग्गुळ. राळ हा मध्य भारतातल्या साल वृक्षाचा वाळलेला चीक, पिवळट, काचेच्या खड्यांसारखा. गुग्गुळ कच्छ, सौराष्ट्र, राजस्थानच्या कोरड्या रानातल्या काटेरी झुडपाचा, तपकिरी, हाताला चिकटणारा. गुग्गुळाची ओळख पनवेलकरांना देवघराआधी औषधाच्या गोळीतून होते. इथंच १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढला. योगराज गुग्गुळाची गोळी आमच्या सासऱ्यांच्या उशाशी कायम असे. ते म्हणत, 'जो देवाला तोच गुडघ्याला.'

दुसऱ्या बरणीत ऊद. कुणी लोबान म्हणतं. तांबूस ढेकळात पांढरे खडे रुतलेले, चिक्की फोडल्यावर दाणे दिसावेत तसे. हा आपल्या मातीतला नव्हे. सुमात्रा बेटावरचा आणि सयाम, लाओसकडचा. तिथल्या झाडांच्या सालीला खाचा पाडतात, चीक वाळला की खरवडून घेतात. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान, म्हणत. अरबीत 'ऊद' म्हणजे खरं तर अगरूचं सुवासिक लाकूड. आपण ते नाव ह्या चिकाला दिलं आणि त्यावरून 'उदबत्ती' केली. तिकडं युरोपातल्या लोकांनी 'लुबान जावी'चं 'बेन्झॉइन' करून टाकलं. लहानपणी सर्दी झाली की वाफाऱ्याच्या पाण्यात टिंक्चर बेन्झॉइनचे थेंब टाकायचे आठवतात? तो हाच ऊद. आणि सरबताच्या बाटलीवर 'सोडियम बेन्झोएट' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ना, त्याचं नावही ह्याच घराण्यातलं. त्याचं आम्ल सोळाव्या शतकात पहिल्यांदा ऊद तापवूनच मिळालं. हल्ली ते कारखान्यात तयार होतं, पण आडनाव ऊदाचंच राहिलं.

तर एक धूप, तो जमिनीवरून आलेला. दुसरा ऊद, तो समुद्रावरून आलेला. आणि मी ह्या दोघांच्या मधे उभी.

माझ्या माहेरी ऊद घालत. मंगळवारी आणि शुक्रवारी दिवेलागणीला आई परसातून गोवरीचा निखारा आणायची, त्यावर चिमूटभर ऊद टाकायची आणि अंबाबाईच्या तसबिरीसमोर धरायची. मग धूर माजघरात, कणगीपाशी, गोठ्याच्या दारापर्यंत फिरवायची. गोडसर, किंचित व्हॅनिलासारखा वास. अभ्यासाची वही मिटून आम्ही भावंडं त्या धुरात नाचायचो. पाठवणी करताना आईनं माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक पुडी सारली होती.

सासरी आल्यावर पहिलाच शुक्रवार. बंबातला निखारा घेतला, देवघरातलं पितळी धुपाटणं घेतलं आणि घातला की मी ऊद! सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"सूनबाई, हा कसला गं वास?"

"ऊद, आई. आमच्याकडं शुक्रवारी..."

"आपल्याकडं ऊद नाही हो घालत. आपल्याकडं धूप."

बस्स, एवढंच. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पण त्या 'आमच्याकडं' आणि 'आपल्याकडं'मधलं अंतर मी त्या दिवशी शिकले. शेजारच्या काकूंनी नंतर हळूच सांगितलं, 'अगं, ऊद पिराला घालतात.' मला काही कळेना. आमच्या अंबाबाईला चालतो, पिराला चालतो, मग पनवेलच्या देवाला का चालू नये? पण नव्या सुनेनं असले प्रश्न विचारायचे नसतात. पुडी ट्रंकेत गेली. सासूबाईंचा धूप मी शिकून घेतला. राळ, गुग्गुळ, थोडा नागरमोथा, चंदनाचा चुरा आणि कालवायला तुपाचा थेंब. कडवट, भारदस्त वास. पहिलं वर्षभर मला त्यानं खोकला यायचा.

माहेरी गेले की आई दर खेपेस नवी पुडी द्यायची. मी ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची, डबा ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर. शुक्रवारी कुणी नसलं की शिडी लावून वर चढायचं, डबा उघडायचा, एकदा वास घ्यायचा आणि परत बंद. मैत्रिणींनो, हसू नका. तुमच्याही कपाटात असा एखादा डबा असेलच!

अशी चोवीस वर्षं गेली. मग आला २६ जुलै २००५ चा पाऊस. मुंबईचे हाल सगळ्यांनी वाचले, पण त्या दिवशी गाढी नदीनं पनवेलचीही दैना केली. आमचं घर तेव्हा बैठं होतं. पाणी उंबऱ्याशी आलं, मग चुलीच्या ओट्याला लागलं, मग कमरेला. आम्ही सासूबाईंना उचलून शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. धाकटी तेव्हा तेरा वर्षांची. दप्तर डोक्यावर धरून रडत होती. पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकलं तर वीतभर चिखल. तांदळाची कोठी फुगून फुटलेली, गाद्यांची पेंड झालेली. आणि तो वास! ज्यांनी पुरानंतरचं घर पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

चार दिवस आम्ही नुसतं धूत होतो. भिंती धुतल्या, भांडी धुतली, तरी वास हटेना. चिखलातून धुपाटणं सापडलं, पण धुपाचा डबा? त्यात काळं पाणी. दुकानंही बंद, त्यांचीच अवस्था आमच्यासारखी. संध्याकाळी दिवे नाहीत. सासूबाई खुर्चीत बसून होत्या. एकदम म्हणाल्या,

"तुझ्याकडं माहेरचा ऊद असेल ना गं अजून? घाल."

माझ्या हातातला खराटा तसाच राहिला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"दर शुक्रवारी डबा उघडतेस. नाक काय फक्त तुलाच आहे?"

माळ्यावरची ट्रंक कोरडी होती. वरच्या शेजारणीनं चार कोरड्या करवंट्या दिल्या, त्यांचा निखारा केला आणि चोवीस वर्षांनी त्या घरात ऊद पडला. धूर ओल्या भिंतींवरून चढत गेला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. जरा वेळानं म्हणाल्या, "बरा आहे की गं. गोड आहे." मग थोडं थांबून, "आधीच घालायचा होतास." ह्यावर हसावं की रडावं? मी दोन्ही केलं.

त्यानंतर आमच्याकडं शुक्रवारी ऊद आणि बाकीच्या दिवशी धूप, अशी वाटणी झाली. २०११ साली सासूबाई गेल्या. जुनं घर पाडून तिथंच इमारत झाली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. बंब गेला, चूल गेली, कोठी गेली. धुपाटणं तेवढं राहिलं.

आता कळलं ना, दुकानदाराच्या प्रश्नानं मी का थांबले? खरं सांगू, मनात लोभ आला. आता घरातली मोठी मी. येणाऱ्या बाळाच्या नाकात पहिला वास माझ्या माहेरचाच जाऊ दे की! एवढी वर्षं दुसऱ्यांचा धूर घरभर फिरवला, आता एकदा आपला. पण सासूबाईंचा तो 'बरा आहे की गं' आठवला आणि जीभ रेटेना. शेवटी दोन्ही पन्नास-पन्नास ग्रॅम बांधून घेतलं.

दोन्ही घेताना पारख कशी करायची तेही सांगून ठेवते. ऊदात स्वस्त राळ मिसळलेली असते. एक खडा जाळून पाहा. धूर काळपट, काजळी धरणारा आणि टर्पेंटाइनसारखा वासाचा आला तर समजा, भेसळ आहे. चांगल्या ऊदाचा धूर पांढरा आणि गोड, पण नाक जवळ नेलं तर घशाला झोंबतो. गुग्गुळाचा खडा बोटांत धरला की उबेनं मऊ पडतो आणि गरम पाण्यात घोळला की पाणी दुधाळ होतं. पावसाळ्यात दोन्ही काचेच्या बरणीत ठेवावं, नाहीतर गोळा होऊन बसतो. आणि गुग्गुळ जपून वापरा. भसाभस खाचा पाडून त्याची झुडपं मरत चालली आहेत. जगातल्या अतिसंकटात सापडलेल्या वनस्पतींत त्याची गणती होते. चिमूटभर पुरतो.

पुड्या घेऊन घरी आले तर लेक डॉक्टरीणबाईंकडून परतलेली. मी मोठ्या उत्साहानं शेक-शेगडीचं बोलायला लागले. ती म्हणाली, "आई, धुरी अजिबात द्यायची नाही. बाईंनी निक्षून सांगितलंय."

मला राग आला, लपवत नाही. काश्यपसंहितेत तर धूपकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, आमच्या सात पिढ्या बाजेखालच्या शेगडीवर वाढल्या. पण लेकीनं शांतपणे समजावलं आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाईंना विचारून आले. तान्ह्या बाळाच्या श्वासाच्या नळ्या फार बारीक असतात. धूर देवाचा असो की चुलीचा, त्यातले बारीक कण छातीत जायचे ते जातातच. शिवाय बंद खोलीत निखारा ठेवला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीवघेणा असतो. जुन्या घरांना कौलं होती, फटी होत्या, धूर वर निघून जायचा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला दोन खिडक्या, त्याही डासांसाठी बंद. मी गप्प बसले. खोली उबदार, कपडे उन्हात वाळवलेले, हात धुतलेले, एवढी धुरी बाळाला पुरे.

म्हणजे झालं काय, ऊद की धूप हे ठरवायला गेले आणि दोन्ही बाद! तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात ना, तशी गत.

रात्री दोन्ही पुड्या टेबलावरच होत्या. लेक येऊन बसली. म्हणाली, "जाळू नको, पण वास तर घेऊ दे." मी आधी ऊदाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला. माझं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडं. तिनं हुंगला. "छान आहे. गोड. शुक्रवारचा ना?" आणि खाली ठेवला. मग तिनं आपण होऊन धुपाचा खडा उचलला, नाकाशी नेला आणि थांबली. बराच वेळ काही बोललीच नाही. डोळ्यांत पाणी.

"आजीची खोली," ती म्हणाली. "आई, आता कुठं माहेरी आल्यासारखं वाटतंय गं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. जो वास मला वर्षभर खोकला देत होता, जो 'आपल्याकडचा' म्हणून मी गिळला, तो हिच्या माहेरचा वास! साधी गोष्ट, पण पंचेचाळीस वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. आपलं सासर तेच लेकीचं माहेर. आपण ज्या घरात परक्या म्हणून शिरतो, त्याच घराची ओढ ती जन्मभर उराशी धरते. मी कोल्हापूरकडं तोंड करून शिडीवर डबा उघडत होते, तेव्हा ही पोर आजीच्या मांडीवर बसून आपलं माहेर नाकात साठवत होती. तिला धूप कुणी शिकवला? मीच तर रोज घालत होते.

जरा टोचलं, खोटं का बोलू? माझ्या आईचा ऊद माझ्यापाशीच संपणार की काय, असं वाटून गेलं. पण मग मनात आलं, आईला तरी तो कुणाकडून मिळाला? तिच्या सासूकडून. तिच्या स्वतःच्या माहेरी काय घालत असत, हे मी तिला कधी विचारलंच नाही. आता विचारायला आई नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. बाळाच्या खोलीत काही नाही. बाळ तीन-चार महिन्यांचं होऊन घरी जाईपर्यंत धुपाटणं फक्त मागच्या गॅलरीत, मधलं दार लावून, आणि तेही बाळ दुसऱ्या टोकाला झोपलेलं असताना. लेकीला जाताना धुपाची पुडी द्यायची, जाळायला नव्हे, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायला. न जाळताही चीक मंद वास देतो, मलमलच्या पुरचुंडीत बांधला की झालं.

पुरचुंड्या शिवायला बसले होते. लेकीनं विचारलं, "दोनच का? तीन शिव."

"तिसरी कशाला?"

"तुझ्या ऊदाची. मला तुझ्या आईकडचा वासही हवा आहे. आणि आई, तिच्या माहेरी काय घालायचे गं?"

मी सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, "उद्या मामाला फोन करून विचारू."

धुपाटणं चिंच लावून घासून ठेवलं आहे. लखलखतंय.